चिकाचा रोज

पहाटे ४.४०

मावशींनी आधी हाताला तेल लावलं, मग चूल पेटवली. खोबरेल तेलाची दहा रुपयांची पुडी. तीन दिवस पुरते. बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला, वर मनगटापर्यंत. तव्यावर कळण्याची भाकरी पडली तेव्हा जाळाच्या उजेडात त्यांचे हात नीट दिसले. बोटांची टोकं गुलाबी आणि गुळगुळीत, उकडून सोललेल्या बटाट्यासारखी. उजव्या अंगठ्याला चिंधी.

जळगाव जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. सप्टेंबर सरत आलाय. इथले धनी केळी आणि कापूस. पपई त्यांच्या मागून आली. मावशी पपईचा चीक काढायच्या कामाला जातात. वय पन्नासच्या अलीकडे-पलीकडे. मी रसायनशास्त्राचा निवृत्त मास्तर. जन्मभर फळ्यावर एन्झाइम शिकवली. मराठी पुस्तकात त्यांना विकरं म्हणतात. त्यातलंच एक पपईच्या चिकातलं पपेन. त्याची आकृती तर डोळे मिटून काढायचो. पण पपेन झाडावरून निघताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणून आज यांच्या मागे लागलो.

५.३०

छोटा हत्ती पाराजवळ येऊन थांबला. मागे चौदा बाया. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. तेवढा मान मास्तरला अजून आहे. रोज तीनशे रुपये. जाण्यायेण्याचे वीस त्यातूनच कापतात. हातमोज्यांचे दोन जोड ठेकेदार हंगामाच्या सुरुवातीला देतो. पुढचे ज्याचे त्यानं घ्यायचे, साठ रुपयांना जोड. बहुतेकींचे हात उघडेच होते.

६.१०

बाग पाच एकरांची. झाडं पुरुषभर उंच, खोडाला खालपासून वरपर्यंत हिरवी फळं लगडलेली. जात तैवान. ठेकेदाराची त्यावरून कुरकुर असते. कोइमतूरची को-२ किंवा को-५ असती तर चीक जास्त मिळाला असता, म्हणतो. पण बागाईतदारानं लावताना बाजार डोळ्यांपुढे ठेवला होता, चीक नव्हे. भाव पडला, तेव्हा बाग चिकाला दिली. फळ जागेवरच राहतं, चीक ठेकेदार नेतो. नंतर त्या ओरखडलेल्या फळाला कोण विचारतं, ते दुपारी कळेल.

मुकादमानं हत्यारं वाटली. हातभर बांबूची कामटी. टोकाला चीर पाडून तीत दाढीचं अर्धं स्टेनलेस ब्लेड बसवलेलं, वरून दोरा गुंडाळलेला. धार बाहेर किती? तीन मिलिमीटर. ज्वारीच्या दाण्याएवढी. मी बोटानं चाचपायला गेलो तर मुकादम म्हणाला, "सर, दूर." साधं लोखंड चालत नाही, तांबं-पितळ तर नाहीच. चीक गोळा करायला प्लास्टिकचे ट्रे, खरवडायला प्लास्टिकची पट्टी. धातू लागला की माल काळा पडतो, हे मुकादमाला अनुभवानं माहीत. कारण मला माहीत आहे, पण त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

६.२५

खोडाभोवती प्लास्टिकच्या कापडाची उलटी छत्री बांधलेली. मावशींनी तिच्यावरचा पाचोळा झटकला. मग फळ निवडलं. फळ पुरतं भरलेलं हवं, पण हिरवंगार. धरल्यापासून अडीच-तीन महिन्यांचं. पिवळी झाक आली की ते सोडून द्यायचं. पिकत जाईल तसा चीक आटतो. पिकल्या पपईत तो जवळजवळ उरत नाही.

देठाकडून टोकाकडे एक उभी रेघ. सर्रकन. हात थांबत नाही, दाब बदलत नाही. अशा चार रेघा, चारी अंगांना. पहिल्या रेघेतून पांढरे मोती फुटले, ओघळले, छत्रीत ठिपकू लागले. एका फळाला चमचा-दोन चमचे. दोन मिलिमीटरपेक्षा उथळ गेलं तर चिकाच्या नळ्या तुटत नाहीत. तीनच्या पुढे गेलं तर गरातला रस चिकात उतरतो आणि फळही सडतं. हे मिलिमीटर मोजायला मावशींकडे काही नाही. मनगट आहे.

तीन-चार दिवसांनी हेच फळ पुन्हा. जुन्या रेघांच्या मधून नव्या रेघा. असं तीन-चार वेळा.

मी एक फळ मागितलं. माझी रेघ देठाकडे उथळ, मधे खोल, टोकाला गायब. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी कामटी परत घेतली.

७.०५

उजाडलंय, पण ऊन अजून केळीच्या आड. काम याच वेळेचं. रात्रभर झाडानं पाणी ओढलेलं असतं, चिकाच्या नळ्या तटतटलेल्या असतात. ऊन चढलं की त्या सैल पडतात.

छत्रीतला चीक आताच दह्यासारखा थिजू लागला होता. जे काही घडायचं ते इथे, झाडाखालीच घडून जातं. झाडाच्या आत पपेन बोथट असतं. त्याच्या रेणूला जन्मतःच एक शेपूट असतं, आणि ते शेपूट त्याच्याच तोंडात बसवलेलं असतं. म्यान म्हणा. म्यान नसतं तर झाडानं स्वतःचीच प्रथिनं कापून काढली असती. फळाला जखम झाली, चीक बाहेर आला, की काही मिनिटांत शेपूट तुटतं आणि धार उघडी पडते.

झाड हे आपल्यासाठी करत नाही. अळ्यांसाठी करतं. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये एक साधा, सुंदर प्रयोग छापला. एरंडावर वाढणाऱ्या एरी रेशमाच्या अळ्या त्यांनी पपईच्या पानांवर सोडल्या. अळ्या मेल्या. मग पानांचे बारीक काप करून, चीक धुऊन ते दिले. अळ्या जगल्या, वाढल्या. तिसऱ्या खेपेला पान धुतलं नाही. त्यावर फक्त असं एक द्रव्य फासलं, जे पपेनच्या तोंडात जाऊन अडकून बसतं. तेव्हाही अळ्या जगल्या. चीक होता, पपेन होतं, पण तोंडात बोळा होता.

मावशींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग आम्हीबी अळ्याच ना."

७.५०

पंचवीस झाडं झाली. मावशींनी हात ओढणीला पुसला आणि फुंकर मारली. जळजळ सुरू झाली होती. तेल तासभर आडोसा करतं, मग घामाबरोबर उतरतं.

ओढणीवर चिकाचे डाग वाळले होते. नखानं काढले तर पापुद्र्यासारखे निघाले. खाली कापड शाबूत, डाग तेवढा राहिला. ओढणी सुती आहे, आणि सूत म्हणजे प्रथिन नव्हे. प्लास्टिकच्या छत्रीलाही काही होत नाही. कातडीला होतं. मटणाला होतं. चीक काय खातो आणि काय सोडतो याची यादी मावशींना तोंडपाठ आहे. माझ्याकडे त्या यादीचं कारण आहे, तेवढंच.

पपेनचा एक रेणू म्हणजे २१२ मण्यांची माळ. मणी म्हणजे अमिनो आम्लं. माळ सरळ राहत नाही. स्वतःभोवती वळत जाऊन तिचे दोन गोळे होतात आणि त्या दोन गोळ्यांच्या मधे एक घळ राहते. काम होतं ते त्या घळीत. पुस्तकात तिला सक्रिय स्थळ म्हणतात. मी वर्गात कामाची जागा म्हणायचो, पोरांना ते पटकन कळायचं. घळीच्या एका काठावर २५ वा मणी, सिस्टीन. त्याच्या टोकाला गंधकाचा अणू. समोरच्या काठावर १५९ वा मणी, हिस्टिडीन. माळेत मोजलं तर दोघांमध्ये १३४ घरांचं अंतर. पण माळ वळल्यावर अगदी समोरासमोर. नेसलेल्या साडीत कमरेला खोचलेलं टोक आणि निऱ्या शेजारी येतात. साडी सोडून दोरीवर वाळत घाला, मधे कितीतरी हात कापड निघेल. तसंच.

आता दुसरं एखादं प्रथिन, समजा मावशींच्या बोटाच्या कातडीतलं, या घळीत येऊन पडतं. घळीत साधारण सात मणी मावतील एवढी जागा आहे. हे १९६७ मध्ये इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या शेक्टर आणि बर्गर यांनी लहान-मोठ्या माळा पपेनला खाऊ घालून शोधून काढलं. सातही जागा सारख्या नाहीत. कापायच्या सांध्याच्या एक घर सोडून अलीकडे एक खोबण आहे. तिला पाण्याशी फटकून राहणारा मोठा मणी लागतो, फिनाइल ॲलनीनसारखा. तो खोबणीत बसला की माळ बरोबर ताणून धरली जाते आणि नेमका सांधा गंधकासमोर येतो.

मग हिस्टिडीन गंधकाचा हायड्रोजन आपल्याकडे ओढून घेतो. मोकळा झालेला गंधक सांध्यातल्या कार्बनवर तुटून पडतो. माळ तुटते. अर्धी निघून जाते. अर्धी गंधकाला चिकटून राहते. मग पाण्याचा एक रेणू येतो आणि तीही सोडवून नेतो. घळ पुन्हा रिकामी. गंधक जागेवर, हिस्टिडीन जागेवर. पुढचं गिऱ्हाईक.

हाच सांधा नुसत्या पाण्यात ठेवला तर आपणहून तुटायला शेकडो वर्षं लागतात.

पहिल्यांदा हे शिकलो तेव्हा मला एकच प्रश्न पडला होता. कापणारे दोन मणी, आणखी दोन-चार मदतीला. मग उरलेले दोनशे कशासाठी? उत्तर पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, पुढे शिकवलंही. पण आज सकाळी मावशींच्या हातातली कामटी बघितली तेव्हा ते डोळ्यांना दिसलं. हातभर बांबू, दोरा, अर्धं ब्लेड, आणि बाहेर ज्वारीच्या दाण्याएवढी धार. तो बांबू कापत नाही. तो नसेल तर मात्र धार कुठे लागेल, किती खोल जाईल, कशाचाच भरवसा नाही. दोनशे मण्यांचं कामही तेच आहे. गंधक आणि हिस्टिडीन बरोबर अंतरावर, बरोबर कोनात धरून ठेवायचं.

"त्याले काय समजस," मावशी म्हणाल्या, "हात शे का मटन शे."

बरोबर आहे. त्याला सांधा समजतो.

९.१५

ऊन बागेत शिरलं. रेघ मारली तरी मोती फुटत नाहीत, नुसती ओल येते. मुकादमानं हाळी दिली. कामट्या बंद. मावशींची एकसष्ट झाडं झाली होती.

आता गोळा करणं. छत्रीतला थिजलेला चीक पट्टीनं ट्रेमध्ये. फळावरचे गोठलेले ओघळ खरवडून त्याच ट्रेमध्ये. हे काम कापण्यापेक्षा वाईट. कापताना चीक कामटीच्या टोकाशी असतो, इथे तो बोटांना लागतोच. एका तरुण सुनेनं मोजे चढवले. दहा मिनिटांत काढून कमरेला खोवले. एकाच मापाचे मोजे, बोटांच्या टोकाला इंचभर रिकामे. पट्टी निसटते, आत घाम साचतो.

१०.००

न्याहारी. बांधावर निंबाखाली. फडकी सुटली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, एकीकडे वांग्याचं भरीत. मावशींनी आधी हात मातीनं चोळले, मग पाण्यानं धुतले, मग पुन्हा तेल. ठेच्याची डबी त्यांनी पुढे ढकलली. चिकाच्या दिवसांत त्या हिरव्या मिरचीला हात लावत नाहीत. सोललेल्या बोटाला मिरची लागली की दिवस गेला.

गप्पा मटणावर आल्या. कच्च्या पपईची फोड टाकली की मटण लवकर शिजतं, हे सगळ्यांना माहीत. एक म्हणाली, तिची जाऊ रात्रभर लावून ठेवते. मी मधे तोंड घातलं. म्हटलं, रात्रभर ठेवून वरचा थर तेवढा पिठाळ होतो. पपेनला ऊब लागते. साठ-सत्तर अंशांना ते सगळ्यात जोरात चालतं, म्हणजे पातेलं चुलीवर तापत असताना. उकळी फुटली की हळूहळू त्याची घडी मोडते, माळ सुटी होते, घळच राहत नाही. तेव्हा मंद आच ठेवा, रात्रभर थांबू नका. बायांनी ऐकून घेतलं. "सर घरी रांधता का?" एकीनं विचारलं. मी नाही म्हणालो. विषय संपला.

११.००

वजन. ताणकाटा झाडाला लटकवलेला. चौदा जणींचे ट्रे मिळून सव्वीस किलो ओला चीक. ताजा चीक बहुतेक पाणीच असतो. पाच-सहा किलो ओल्याला किलोभर सुका पडतो. म्हणजे आजचं सगळं मिळून पाच किलोच्या आसपास. सुक्याचा भाव काय, मी ठेकेदाराला विचारलं. तो हसला आणि चहा मागवला.

११.४०

वाळवणीची शेड बागेपासून दोन किलोमीटरवर. पत्र्याची, आत तापलेली. आठ बाया अर्धा रोज घेऊन घरी गेल्या. मावशींसह सहा जणी इथे आल्या. चीक टबात ओतला. एका पोरानं वजन करून पांढरी पूड टाकली. मेटाबायसल्फाइट. काडी पेटवताना नाकात जातो तसला वास. मग बारीक चाळणीतून गाळणं. पाचोळा, साल, दोन मुंग्या.

ही पूड कशाला, ते पोराला ठाऊक होतं. "माल पांढरा राहतो." खरं आहे. मुळाशी पुन्हा तोच २५ वा मणी. गंधकाला हवेतला ऑक्सिजन लागला की तो गंजल्यासारखा होतो. तांब्या-लोखंडाचे अणू तर त्याला धरूनच बसतात. एवढा एक अणू गेला की २१२ मण्यांची माळ आहे तशी दिसते, वजनात तेवढीच भरते, आणि कवडीचं काम करत नाही. सल्फाइट हवेचा मार स्वतःवर घेतं.

दुपारी १.१५

ट्रे भट्टीत गेले. काटा पंचावन्न अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. पपेन चिवट आहे, थोडा वेळ सत्तरही सोसतं, पण तासन्‌तास नाही. पोरगा दर पंधरा मिनिटांनी काटा बघतो, लाकूड सरकवतो. उन्हात वाळवलेला चीक तपकिरी पडतो आणि भाव खाली येतो.

बाया पत्र्याच्या सावलीत आडव्या झाल्या. मला झोप येईना.

हे घळीचं प्रकरण लोकांच्या लक्षात यायला फार वर्षं लागली. वुर्त्झ आणि बूशू यांनी पॅरिसमध्ये १८७९ साली चिकातल्या या द्रव्याला पपेन नाव दिलं, तेव्हा ते मुळात काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १८९४ मध्ये एमिल फिशर म्हणाला, विकर आणि त्याचं गिऱ्हाईक म्हणजे कुलूप आणि किल्ली. बसली तर बसली. उपमा एवढी चांगली निघाली की शाळेच्या पुस्तकांतून अजून हलत नाही. १९५८ मध्ये कॉशलंडनं ती दुरुस्त केली. म्हणाला, हात आणि हातमोजा म्हणा. मोज्याला आकार असतोच, पण हात आत गेल्यावर तो नीट भरतो. घळही तशीच, गिऱ्हाईक आलं की थोडी आवळते. शेडच्या दारात दोन मोजे वाळत पडले होते. कुणाच्याच हाताचा आकार त्यांना आला नव्हता.

आणि सम्नर. विकर म्हणजे प्रथिनच असतं हे पहिल्यांदा १९२६ मध्ये त्यानं दाखवलं. अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या बियांतून युरिएझ या विकराचे स्फटिक काढून. जेम्स सम्नर डावखुरा होता. सतराव्या वर्षी शिकारीत गोळी लागून त्याचा डावा हातच गेला. उजव्यानं सगळं नव्यानं शिकला. रसायनशास्त्र एका हातानं होणार नाही, असं त्याला सांगितलं गेलं होतं. नऊ वर्षं तो त्या बिया वाटत, गाळत राहिला. पुढची कैक वर्षं मोठ्या नावाच्या लोकांनी त्याचं मानलं नाही. नोबेल मिळालं १९४६ मध्ये.

पपेनची घळ प्रत्यक्ष दिसली ती १९६८ मध्ये, नेदरलँड्सच्या ख्रोनिंगेनला. यान ड्रेंथ आणि त्याच्या सोबत्यांनी स्फटिकावर क्ष-किरण सोडून एकेक अणू कुठे बसतो ते मांडलं. त्याआधीच, १९५९ मध्ये, रॉडनी पोर्टरनं पपेन कात्रीसारखं वापरून रक्तातल्या प्रतिपिंडाचे तीन तुकडे केले होते. दोन सारखे, रोगजंतूला धरणारे. तिसरा निराळा. त्यातून प्रतिपिंडाचा आकार कळला आणि पोर्टरला १९७२ चं नोबेल मिळालं. चीक त्याच्याकडे बाटलीत, शुद्ध होऊन आला असणार.

२.४०

दुसरा अर्धा दिवस. सोलणी. चार वेळा ओरखडलेली कच्ची फळं टेम्पोतून येऊन पडली होती. ती खायला वाईट नसतात, पण अंगावर वाळलेल्या रेघा. मंडईत कुणी हात लावत नाही. ही जातात टूटीफ्रूटीला. साल काढायची, बिया खरवडायच्या, फोडी करून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. पुढे कारखान्यात त्यांचे बारीक तुकडे होतील, पाक चढेल, लाल-हिरवा-पिवळा रंग चढेल. केकमधली चेरी समजून आपण जी चघळतो ती बहुतेकदा हीच.

मावशींना हे काम आवडतं. बसून करायचं, आणि चीक आधीच काढून झालेला. थोडा उरतोच. दोन तासांत त्यांनी तीन टोपल्या भरल्या.

शेजारच्या खोलीत कालचा वाळलेला माल दळत होते. तोंडाला दुपट्टे बांधलेले दोघे. दार बंद. तरी बारीक धूळ फटींतून येत होती. मला चार शिंका आल्या. ही धूळ छातीला वाईट. श्वासात जाऊन दमा लागतो, हे डॉक्टरांच्या पुस्तकांत नोंदलेलं आहे. इथे ते असं नोंदलं आहे: गेल्या साली एक पोरगा होता, त्याला धाप लागायची, आता तो केळीच्या गाडीवर जातो.

४.१०

ठेकेदाराची परीक्षा. ही बघायला मी मुद्दाम थांबलो होतो. कप भरून कोमट दूध. चमच्याच्या टोकावर सुक्या चिकाची पूड, थोड्या पाण्यात कालवून दुधात. मोबाइलवर घड्याळ लावलं. सगळे कपाकडे बघत उभे.

दूध ढवळताना आधी काही नाही. मग चमच्याला कण चिकटू लागले. मग एकदम फाटलं. ठेकेदारानं घड्याळ थांबवलं, मान हलवली, वहीत आकडा टाकला. माल चांगला. उशिरा फाटलं असतं तर गंधक मेलेला, असं मी म्हणालो असतो. तो म्हणाला असता, माल उतरला. कंपनीच्या प्रयोगशाळेतही मोजणी याच धर्तीची असते. दुधातल्या केसीन या प्रथिनावर विशिष्ट वेळेत किती काम झालं, ते बघायचं. वजनाला किंमत नाही, शाबूत घळींना आहे. पुढे हाच माल बिअर थंड केल्यावर गढूळ होऊ नये म्हणून जातो, मांस मऊ करायला जातो, चामडं कमवायला जातो, पचनाच्या गोळ्यांत जातो.

फाटलेलं दूध पोरानं कुत्र्यापुढे ओतलं.

५.२०

रोज वाटला. तीनशे, वजा वीस. मावशींनी सकाळी उचल घेतली होती पन्नासची. हातात दोनशे तीस. त्यातून वाटेवरच्या टपरीवर तेलाची पुडी दहा, नातीला पेन दहा. चिकटपट्टी पाहिली, किंमत विचारली, ठेवून दिली. दोनशे दहा पदराला.

६.१५

रेशनचं दुकान. महिना संपायला तीन दिवस, म्हणून गर्दी. चार माणसांचं कार्ड, माणशी पाच किलो. धान्याला पैसे नाहीत. अंगठा लागतो.

मावशींनी चिंधी सोडली, अंगठा लुगड्याला पुसला, मशीनवर टेकवला. मशीननं विचार केला. लाल दिवा. दुकानदार म्हणाला, "दाबा जोरात." पुन्हा लाल. डावा अंगठा. लाल. मग तर्जनी. ओला फडका आणला, बोट पुसलं, पुन्हा टेकवलं. लाल. मागून कुणी तरी चुकचुकलं.

मी वाकून अंगठा पाहिला. रेघा नव्हत्याच. उंचवटे-खळगे सगळे सपाट. काम थांबलं तर महिन्याभरात नवी कातडी येते आणि रेघा परत येतात, हे मावशींना माहीत आहे. पण काम दिवाळीपर्यंत आहे आणि मशीनला आजचा अंगठा हवा.

"पोरीले धाडा," दुकानदार म्हणाला. त्याचीही चिडचिड नव्हती. या दिवसांत त्याच्याकडे अशा दहा-बारा जणी येतात.

नात सातवीत आहे. शाळेच्याच फ्रॉकवर पळत आली. अंगठा टेकवला. पहिल्याच खेपेला हिरवा.

पावती निघाली. गहू ८ किलो, तांदूळ १२ किलो. वेळ ६.५२.